आजीबाईंच्या छतातले चौदा दिवे

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका बाईंचा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो. "विलासराव, चोवीस वर्षं इथे इलेक्ट्रिशियन आहात, एखाद्या मोठ्या टॉवरच्या कामाबद्दल लिहा की," त्या म्हणाल्या. खरं सांगायचं तर टॉवरचं काम मी कधी केलंच नाही. माझा जन्म गेला लोकांच्या घरात, मान वर करून. मी छतात दिवे बसवतो. लटकणारे नव्हेत, छतात बुडवलेले, ज्यांचं खालून नुसतं गोल तोंड दिसतं ते. त्याला आम्ही डाउनलाइट म्हणतो. हे तुम्ही ज्या खोलीत बसून वाचताय तिथेही वर चार-सहा असतीलच. एकदा बघून घ्या नि मग पुढे वाचा.

माझी मुलगी सई म्हणते, "बाबा, इट्स जस्ट अ लाइट. यू मेक अ होल अँड पुट इट." भोक पाडा आणि घाला. आम्ही शारजात अल मजाजला राहतो, खिडकीतून तळं दिसतं, पण बापाच्या धंद्याबद्दल पोरीचं ज्ञान एवढंच. तिच्या आईचं मत फारसं वेगळं नाही. म्हणून आधी जरा शिकवणी घेतो.

दिव्याचं तोंड खाली असतं आणि पाठ वर. आपण बघतो तोंड, पण तापते पाठ. आताचे एलईडी दिवे थंड असतात असं दुकानदार छातीठोक सांगतात. हात लावून बघा, तोंड थंडच लागेल. ती गरमी मागच्या खाचांच्या ॲल्युमिनियमच्या भागातून वरच्या हवेत जात असते. शिवाय प्रत्येक दिव्याला एक डबी असते, ड्रायव्हर म्हणतात तिला, तीही तापते. तेव्हा वर मोकळी हवा पाहिजे. भोक पाडण्याआधी मेन बंद करायचा, वर लोखंडी पट्टी, वायर किंवा एसीचा पाइप नाही ना ते चाचपायचं, जोड उघडे न ठेवता डबीत घालायचे, हे सगळं आलंच. पण मुख्य गोष्ट हवा. दिव्याच्या पाठीवर कुणी काही ठेवलं की काम बिघडलं.

आणि लोक ठेवतात. इथल्या रोल्ला बाजारात एका साड्यांच्या दुकानात जुने हॅलोजनचे दिवे बदलायला गेलो होतो. शेठना नवा दिवा दाखवला तर ते ओरडले, "पैंतीस दिरहम? आठसौ रुपया एक बत्ती का?" मग छताचं झाकण उघडून आत डोकं घातलं तर वर साड्यांच्या रिकाम्या खोक्यांची थप्पी. दुकानात जागा नाही म्हणून शेठनी छतात गोदाम केलं होतं. सगळ्यात खालच्या खोक्याच्या बुडाला बरोब्बर दिव्याएवढा गोल तपकिरी डाग होता. मी तो खोका खाली आणून काउंटरवर ठेवला. शेठ म्हणाले, "पर जला तो नहीं ना?" मी म्हटलं, "नहीं शेठ, अभी सोच रहा था." त्यानंतर त्यांनी पस्तीसवाले बावीस दिवे घेतले आणि मला दोन कप चहा पाजला.

इथली बहुतेक घरं सपाट काँक्रीटच्या छताची. पण काही व्हिलांना हौसेने उतरतं कौलारू छप्पर करतात. ते छप्पर आणि खोलीचं जिप्समचं छत यांच्या मधे एक बुटकी पोकळी राहते. माणूस तिथे उभा राहू शकत नाही, फार तर सरपटू शकतो. ऑगस्टमध्ये तिथे भट्टी पेटल्यासारखी आच असते. ती खाली उतरू नये म्हणून जिप्समवर ग्लासवूलची, म्हणजे काचेच्या लोकरीची, जाड गादी अंथरतात. घर गार ठेवण्यासाठी ती हवीच. पण माझ्या दिव्यांच्या पाठी नेमक्या त्या गादीत असतात. म्हणजे ज्या गोष्टीने घर वाचतं तिनेच माझा दिवा गुदमरतो. काही दिवे गादीखाली चालतील असे बनवलेले मिळतात, खोक्यावर तशी खूण असते. तसे नसतील तर प्रत्येक दिव्याभोवती गादी कापून जागा मोकळी ठेवायची. मी सगळीकडून एक वीत ठेवतो. ड्रायव्हरची डबी गादीच्या वर, लोखंडी पट्टीवर चढवून.

ही गादी अंथरणाऱ्यांत मी पाहिलेला सर्वांत उत्तम कारागीर म्हणजे नझीरभाई. आमच्याच कंपनीत होते. रत्नागिरीच्या खाडीकाठचे, त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे, रोल्लाला चुलतभावांबरोबर एका खोलीत राहायचे. मी राजापूरचा, त्यामुळे आमची गट्टी पहिल्याच दिवशी जमली. ग्लासवूल कापायला बाकीचे कटर वापरायचे, त्यांच्याकडे पाव कापायची लांब सुरी होती. जिप्समवर पाय पडला तर माणूस थेट खालच्या खोलीत येतो. आमच्या कंपनीतले तिघे असे आलेले आहेत, त्यातला एक मालकाच्या जेवणाच्या टेबलावर. नझीरभाई लोखंडी पट्ट्यांवर फळी टाकून पोटावर सरकायचे आणि एवढ्या वर्षांत जिप्समला त्यांनी साधा तडाही जाऊ दिला नाही. त्यांनी अंथरलेली गादी बघत राहावी. कुठे फट नाही, कुठे सुरकुती नाही, कोपऱ्यापर्यंत घट्ट बसलेली. अंगाला खाज सुटायची, घामाने तोंडावरचा मास्क चिकटायचा, पण कोपरा अर्धवट सोडून हा माणूस खाली उतरला असं मी कधी पाहिलं नाही. जिथे कुणी कधी बघणार नाही अशा ठिकाणी इतकं देखणं काम करायचं, याचं मला भारी कौतुक वाटायचं. अजून वाटतं.

आता एका अरब कुटुंबाच्या व्हिलाची गोष्ट. घरातल्या आजीबाईंचे गुडघे गेले होते, म्हणून मुलाने त्यांच्यासाठी मागच्या बाजूची बैठी खोली दुरुस्त करायला काढली. छप्पर उतरतं, वर पोकळी. आजीबाईंची नजर अधू आणि सकाळ-संध्याकाळ कुराण वाचायचा नेम, म्हणून मुलाने चौदा दिवे सांगितले. मी म्हटलं, एवढ्या खोलीला आठ पुरतात. तो म्हणाला, "मेरी माँ को चौदह चाहिए, खलास." मी चौदा बसवले. वर चढून प्रत्येकाभोवती एक वीत गादी काढली, डब्या वर चढवल्या, दोन तास सगळे दिवे चालू ठेवून पाठी तपासल्या. काम चोख होतं.

चूक केली ती नंतर. आमची एक तपासणीची शीट असते. शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, गादीवाल्या टीमला मोकळ्या जागांबद्दल कळवलं का. गुरुवार होता, बाहेर कंपनीची बस हॉर्न वाजवत होती. संध्याकाळी फोन करू असं म्हणून मी टिक केली, सही ठोकली आणि पळालो. संध्याकाळी सईच्या शाळेत काहीतरी होतं आणि शुक्रवारच्या सुट्टीनंतर मी अजमानच्या साइटवर. फोन राहून गेला.

तिसऱ्या दिवशी नझीरभाई त्या घरी गेले, कारण मुलाला अजून एक थर हवा होता. वर चढून पाहतात तो गादीत चौदा खड्डे. त्यांना काय वाटलं असेल? विलासने दिवे घालायला गादी फाडली आणि परत बसवायचा कंटाळा केला. आपल्याकडच्या माणसाचं काम असं अर्धवट कुणी बघितलं तर त्याची अब्रू जाईल. इंजिनिअरला सांगितलं तर मला बोल बसणार. म्हणून त्या भल्या माणसाने कुणाला एक शब्द न सांगता पावाच्या सुरीने भाकरीएवढ्या चौदा गोल चकत्या कापल्या आणि एकेक दिव्याच्या पाठीवर घट्ट बसवल्या. वर नवा थर अंथरला. मला फोनही केला नाही. मला ओशाळल्यासारखं होईल म्हणून.

आजीबाई राहायला आल्या. आठवडाभराने त्यांच्या मुलाचा ऑफिसला फोन आला, की पलंगावरचा एक दिवा तासाभराने आपोआप बंद होतो आणि थोड्या वेळाने परत लागतो. ऑफिसने मला कळवलं. असा दिवा बिघडलेला नसतो, तो जास्त तापला की स्वतःला बंद करून घेतो. मी टॅक्सी करून गेलो. आजीबाई पलंगावर बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. त्यांना आम्ही सगळे इथल्या रिवाजाप्रमाणे 'मामा', म्हणजे आई, म्हणत असू. मेन बंद केला, शिडी लावली, दिव्याच्या स्प्रिंगा दाबून तो खाली ओढला आणि हाताला चटका बसला. दिव्याबरोबर ग्लासवूलची एक चकती खाली आली, थेट त्यांच्या चादरीवर. तिचा खालचा भाग तपकिरी झालेला. वायरचं प्लास्टिक मऊ पडून दिव्याच्या पाठीला चिकटलं होतं. आणखी काही दिवसांत ते वितळून तारा उघड्या पडल्या असत्या, आणि खाली ही बाई झोपलेली असती, जिला धडपणे उठून पळताही येत नाही.

आजीबाईंनी चकतीला बोट लावलं. "हार," म्हणाल्या, "वायद हार." खूप गरम.

चकतीची कड पाहिली आणि ती पावाच्या सुरीने कापलीय हे मी ओळखलं. मग एकेक करून सगळ्या चौदा काढल्या आणि वर्तमानपत्रावर मांडल्या. मुलगा आला, चकत्या बघून त्याचा आवाज चढला. आमचे इंजिनिअर आले. त्यांनी नझीरभाईंना दुबईतल्या रास अल खोरच्या आमच्या स्टोअरमधून बोलावून घेतलं. ते पोचेपर्यंत एक तास होता. त्या तासात मी इंजिनिअर साहेबांना सांगू शकलो असतो की शीटवरची टिक खोटी आहे. नाही सांगितलं. मला त्याच महिन्यात फोरमन करायचं घाटत होतं. आणि नझीरभाईंचे व्हिसा रिन्यूअलचे कागद त्याच महिन्यात ऑफिसात पडले होते, तेही मला ठाऊक होतं. त्यांची धाकटी मुलगी रत्नागिरीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. अजून दोन वर्षं काढली की मी मोकळा, असं ते दर शुक्रवारी म्हणायचे. हे सगळं माहीत असून मी शिडीला टेकून उभा राहिलो.

नझीरभाई आले, सलाम केला, वर्तमानपत्राकडे पाहिलं. कुणी विचारायच्या आत म्हणाले, "साब, ये मैंने भरा है."

"क्यों?" इंजिनिअर म्हणाले.

"गॅप था. मुझे लगा रह गया होगा. अम्मा के सर पे गर्मी उतरती."

"रह गया? गॅप रखना पडता है! विलासने आपको बताया नहीं था? शीट में टिक है."

नझीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी नजर शिडीच्या पायाकडे नेली.

"बताया होगा, साब," ते म्हणाले. "मेरे ध्यान में नहीं रहा."

मुलाने आईला अरबीत सगळं सांगितलं. चूक कुणाची तेही सांगितलं असणार, कारण त्याने नझीरभाईंकडे बोट केलं. आजीबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "रय्याल झेन." म्हणजे भला माणूस आहे. खरं बोलला म्हणून म्हणाल्या असतील. मला तिथल्या तिथे जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

इंजिनिअर म्हणाले, काम संध्याकाळपर्यंत दुरुस्त झालं पाहिजे आणि रिपोर्ट उद्या ऑफिसात जाईल. ज्याची चूक त्याचं रिन्यूअल होणार नाही, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. नझीरभाईंनी मान हलवली आणि वर जायला मास्क लावला. दुपारचे दोन वाजले होते. मी म्हटलं, मी चढतो. "तू खालून वायरी बदल," ते म्हणाले, "वरचं माझं आहे. तुझी वीत दाखव." मी पंजा पसरला. त्यांनी स्वतःचा पंजा त्याला लावून पाहिला, माझ्यापेक्षा बोटभर लहान निघाला. "म्हणजे माझी वीत आणि वर एक बोट," म्हणत ते झाकणातून आत गेले.

पावणेतीन तास तो माणूस वर होता. खालून मला फळी सरकल्याचा आवाज यायचा, मग पत्रा वाकवल्याचा. एसीच्या डक्टचे उरलेले पत्र्याचे तुकडे त्यांनी स्टोअरमधून आणवून घेतले होते. त्यांच्या पट्ट्या गोल वाकवून प्रत्येक दिव्याभोवती उभ्या केल्या, एक वीत आणि एक बोट अंतरावर, वरून उघड्या. म्हणजे गादी घसरून आत पडणार नाही आणि पुढच्या कारागिराला वाटणारही नाही की ही जागा चुकून राहिली. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडून झालं ते दुसऱ्याकडून होऊ नये, एवढाच विचार. आज आमची कंपनी प्रत्येक व्हिलात ही कडी लावते. आजीबाईंनी मधे दोनदा थंड लबनच्या, म्हणजे ताकाच्या, बाटल्या वर पाठवल्या. खाली उतरले तेव्हा नझीरभाईंचे डोळे लाल झाले होते आणि बनियन पिळून काढता आला असता. त्यांनी सगळे दिवे लावायला सांगितले आणि चार तास कुणाला बंद करू दिले नाहीत. मी दर अर्ध्या तासाने एकेक दिवा ओढून पाठीला हात लावला. चौदाही ठीक होते.

परतीच्या वाटेवर गाडीत मी म्हटलं, "नझीरभाई, मी तुम्हाला फोन केला नव्हता."

"माहीत आहे मला. माझ्या फोनवर तुझा फोन आला असता तर मला समजलं नसतं काय?"

"मग तसं का बोललात?"

"तुझी पोरगी अजून शाळेत आहे रे. माझ्या पोरीचं शिक्षण तर आता संपलं म्हण," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. "गप्प बस आता. यल्ला, झोपू दे जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडताच इंजिनिअर साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. पण मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. "नझीर सुबह सात बजे आया था," म्हणाले. क्लार्ककडून इंग्रजीत टाइप करून घेतलेलं होतं. विलासने मला गुरुवारी संध्याकाळी फोन करून मोकळ्या जागांबद्दल बजावलं होतं, मी विसरलो, चूक सर्वस्वी माझी. खाली नझीरभाईंची मराठीत सही.

मी तो कागद दोनदा वाचला. यापेक्षा सोपं काय होतं? कागद परत द्यायचा, थँक यू सर म्हणायचं आणि फोरमन व्हायचं. मी कोणी मोठा सत्यवादी नाही. पण काल दुपारी शिडीजवळ उभा होतो ते आठवलं आणि स्वतःचीच शिसारी आली. एकदा घाबरून गप्प बसलो होतो. आता थंड डोक्याने परत बसलो असतो तर त्या माणसासमोर मला कधी उभंच राहता आलं नसतं.

"साब," मी म्हटलं, "ये झूठ है. नझीरभाई झूठ बोल रहे हैं."

चोवीस वर्षांत ज्या माणसाला मी सगळ्यांत जास्त मानलं, त्याला मी साहेबासमोर खोटं ठरवत होतो. साहेबांचा विश्वास बसेना. तेव्हा मी माझा मोबाइल काढला, त्या गुरुवारची यादी उघडली आणि टेबलावर ठेवली. बायकोचे तीन फोन, सईच्या शाळेचा एक. नझीरभाईंचं नाव कुठेच नव्हतं. साहेब यादी बघत राहिले. मग त्यांनी शीटवरच्या माझ्या टिकभोवती लाल पेनने गोल केला.

फोरमनची जागा दुसऱ्याला गेली. माझ्या रिन्यूअलला अवकाश होता, म्हणून मला नुसतं वॉर्निंग लेटर मिळालं, ते फाइलमध्ये अजून आहे. नझीरभाईंचं रिन्यूअल त्याच आठवड्यात झालं. न विचारता चकत्या भरल्याबद्दल त्यांनाही साहेबांनी झापलं, पण रिपोर्टात चूक माझी लिहिली.

मला वाटलं होतं नझीरभाई खूश होतील. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये चढलो तर ते खिडकीशी बसले होते, बाजूची जागा रिकामी. मी उभाच राहिलो.

"सही करून दिलेला कागद होता तो माझा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला तू ऑफिसात खोटारडा ठरवलंस."

"हो," मी म्हटलं.

"सगळ्यांना कळलंय."

"हो, नझीरभाई."

बस सुटली. मी वरचा दांडा धरून उभा होतो. शारजाचं वळण आलं. मग त्यांनी मांडीवरची डब्याची पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि जरा खिडकीकडे सरकून माझ्यासाठी जागा केली.